सुदामा नगरातील दहा बोटे

इंदूरच्या पश्चिम अंगाला, फूटी कोठीच्या आसपास, सुदामा नगर ही मोठी वस्ती पसरली आहे. होळकरांच्या काळापासून या शहरात मराठी घराणी नांदत आली. त्यामुळे येथेही दारोदारी ओळखीची आडनावे वाचावयास मिळतात आणि हिंदीच्या वळणाची मराठी कानी पडते. गेल्या जानेवारीत बोरिवलीहून अवंतिका एक्सप्रेस धरून मी तेथे गेलो. आमच्या गावातील एका शिक्षकाचे मामा तेथे राहतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचे नाव छापू नये, ही त्यांचीच अट आहे.

दारात पायताण काढले आणि कोटा फरशीच्या गारठ्याने मी दचकलो. मामा मात्र लोकरीचे जाड मोजे व त्यावर सपाता घालून सामोरे आले. पोहे-जिलबीची बशी पुढे ठेवीत मामी म्हणाल्या, “फादर, हसू नका हं. घरात मोजे घालतात म्हणून आळीतले लोक यांना ‘साहेब’ म्हणतात.”

हसण्यासारखे त्यात काही नव्हते. सुमारे तीस वर्षांपूर्वी मामा सियाचीनच्या हिमनदीवर पहाऱ्याला होते. १३ एप्रिल १९८४ रोजी आपले सैन्य त्या हिमनदीवर चढले, तेव्हापासून तेथे अखंड पहारा आहे. काही चौक्या सहा हजार मीटरहून उंच आहेत. एका रात्री मामांचे मोजे घामाने भिजले व ते बदलण्यास उसंत मिळाली नाही. सकाळी पायांची बोटे मेणासारखी पांढरी, बधिर झाली होती. हा हिमदंश होय. ऊब देताना प्राण कासावीस झाले, पाण्याने भरलेले फोड आले. तथापि एकही बोट गमवावे लागले नाही. “सौम्य आहे, सुटलात,” असे सर्वांनी म्हटले. मामांनाही तसेच वाटले होते.

सौम्य हा शब्द वैद्यकाच्या वहीत ठीक आहे. मांसातील पाण्याचे स्फटिक होतात, तेव्हा अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दुखावतात. कातडी भरून आली, तरी ते पूर्ववत होतातच असे नाही. पुढे थोड्या गारठ्यानेही त्या वाहिन्या आवळतात. मामांची बोटे आधी पांढरी, मग निळसर होतात, आणि ऊब मिळताच लाल होऊन आग आग करतात. घामही अधिक सुटतो. ओल्या मोज्यात पाय पुन्हा गारठतो. म्हणून मामांच्या पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड सदैव असतो. नखे जाड व वाकडी झाली आहेत. तंबाखूने वाहिन्या आकसतात, असे समजल्यावर त्यांनी तीस कायमचा रामराम ठोकला. हे मात्र सर्वांत कठीण गेले, असे मामी हळूच सांगतात!

गारठलेला अवयव बर्फाने चोळावा, असे नेपोलियनच्या १८१२ च्या रशियन मोहिमेतील शल्यवैद्य लारे यांनी सांगितले आणि जग ते शतकाहून अधिक काळ मानीत आले. आज चोळणे वर्ज्य आहे. पुन्हा गोठण्याचे भय नसेल, तर सुमारे ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पाय बुडवावेत, असे सांगतात. १९६२ साली सुती कपड्यांत व कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात धाडलेल्या आपल्या जवानांपैकी कित्येकांनी बोटे गमावली. त्यांचे लंगडणे गावाला दिसे तरी. मामांची दहाही बोटे शाबूत. मग दुखते कोठे, असे लोक पुसतात.

मालव्याची रात्र सुखद म्हणून प्रसिद्ध आहे. मामांना तिचीच धास्ती. दोन वर्षांपूर्वी थंडीत त्यांनी शेगडीजवळ पाय नेले. कातडे जळाल्याचा वास मामींना आला, मामांना काहीच कळले नाही. तेव्हापासून पाय शेकण्याचे पाणी मामी आपल्या कोपराने पारखतात आणि निजण्यापूर्वी दिव्याजवळ एकेक बोट न्याहाळतात. हे मी पाहिले. कोणी काही बोलत नव्हते. अन्नपूर्णेच्या देवळातही मामा भर दुपारी जातात, फरशी उन्हाने तापल्यावर. पहाटेच्या आरतीला ते येत नाहीत म्हणून शेजारच्या आजीबाई त्यांना गर्विष्ठ समजत. मामांनी खुलासा केला नाही. मी कारण विचारले.

“बोटे दाखवू काय त्यांना?” ते म्हणाले. “दाखवण्यासारखे त्यात आहे तरी काय?”

परतीच्या दिवशी रिक्षापर्यंत ते पोचवायला आले. वाटेत विचारू लागले, “फादर, तुमच्याकडे जानेवारीत पहाटे वाडीत अनवाणी जाता येते?”

“येते की. माती ओली असते, एवढेच.”

“ओली म्हणजे, गार?”

“थोडी गार.”

मामा काही क्षण आपल्या सपातांकडे पाहत राहिले. मग रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करू लागले.