पडद्याची पाळी

कॉटन ग्रीन स्थानकाच्या पश्चिमेला आमचे दोन खोल्यांचे घर आहे. त्यात मोठा मॉनिटर एकच, २४ इंची, आणि त्याच्यावर हक्क सांगणारे संगणक दोन. एक आम्हा उभयतांचा लॅपटॉप; आम्ही दोघेही मराठी शिकवतो आणि संध्याकाळी त्यावर मुद्रिते तपासतो. दुसरा आईंचा, म्हणजे आमच्यांतील एकाच्या आईचा आणि दुसरीच्या सासूबाईंचा. त्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग गेली काही वर्षे झिजत चालला आहे. छापील पान आता त्यांना वाचता येत नाही. मोठ्या पडद्यावर अक्षर बोटभर उंचीचे केले की मात्र जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्या तासन्‌तास वाचतात.

रोज केबल काढण्या-घालण्याचा कंटाळा येऊन आम्ही लॅमिंग्टन रोडवरून ३५० रुपयांचा एक स्विच आणला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, आत येणाऱ्या केबली दोन, बाहेर जाणारी एक, वर बटण. तिला विजेची वेगळी जोडणी लागत नव्हती. संगणकाकडून केबलीतून जे ५ व्होल्ट येतात त्यांच्यावरच तिचा उदरनिर्वाह. हा आम्हांला तेव्हा गुण वाटला होता.

बटण दाबले की पडदा काळा होई. दोन-तीन सेकंदांनी चित्र येई, कधी येतच नसे. आले तरी अक्षरे पसरट दिसत. आणि आम्ही परत आमच्या बाजूला यावे तो मोठ्या पडद्यावर नीट मांडून ठेवलेल्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर एकमेकींच्या अंगावर पडलेल्या असत. कारण शोधले तेव्हा समजले ते असे : मॉनिटर संगणकाला सतत सांगत असतो की मी आहे, माझी लांबीरुंदी अमुक आहे. चांगला स्विच ही माहिती स्वतःजवळ साठवतो आणि ज्याची पाळी नाही त्या संगणकालाही ऐकवत राहतो. स्वस्त स्विच ती तार सरळ तोडतो. संगणकाच्या लेखी मॉनिटर घरातून गेलेलाच असतो, मग तो बिचारा सामान आवरून छोट्या खोलीत बिऱ्हाड हलवतो.

दहा बाय बाराच्या खोलीची आठवण आईंनीच काढली. त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि काळाचौकीला गावकऱ्यांच्या खोलीत राहत. दहा-बाराजण, तीन पाळ्या. रातपाळीचा माणूस सकाळी येई तेव्हा पहिल्या पाळीवाल्याची जागा रिकामी झालेली असे. त्याच जागेवर हा आडवा होई. पण भिंतीकडेची ट्रंक, खुंटीवरचा सदरा आणि गुंडाळलेली वळकटी ज्याची त्याचीच राही, तिला कोणी हात लावत नसे. गिरणीतही तसेच. कायम कामगार रजेवर गेला की दिवसापुरता बदली उभा राही, साचा मात्र रजेवर गेलेल्याच्याच नावावर असे. (आमच्या वस्तीचे नावदेखील असेच राखलेले. 'ग्रीन' म्हणजे रंग नव्हे, मोकळे मैदान. कापसाच्या गासड्यांचे हे मैदान फोर्टातून १८४४ साली कुलाब्याला आणि पुढे शिवडीजवळच्या भरावावर आले. नाव बरोबर आले.) त्या जगण्याचे गोडवे गाण्याचा आमचा इरादा नाही. घामट, कोंदट खोलीत आलटूनपालटून झोपणे ही काही हौस नव्हती, आणि १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या नावावरचे साचेच गेले त्यांना विचारावे. पण गैरहजर माणसाची जागा धरून ठेवायची असते, एवढे त्या खोलीला कळत होते.

आमच्या डबीची दुसरी खोड अधिक वाईट होती. ज्या संगणकाला जाग येई त्याच्याकडे ती आपण होऊन उडी मारी. आई वाचत असताना आम्ही स्वयंपाकघरातून येऊन लॅपटॉप नुसता उघडला तरी त्यांच्या डोळ्यांसमोरची कथा जाऊन तेथे आमचे अर्धवट मुद्रित येई. पहिल्यांदा त्या हसल्या. मग "तुमचं होऊ दे आधी" म्हणू लागल्या. पुढे त्यांनी संध्याकाळी वाचायला बसणेच सोडले, आणि हे आमच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. डबीला दोष देत बसलो होतो. लॅपटॉप उघडणारे हात आमचेच होते.

आता डबी खणात आहे. केबल सरळ आईंच्या संगणकाला लावली आहे, मुद्रिते आम्ही लॅपटॉपच्याच पडद्यावर पाहतो. काल त्यांनी वाचता वाचता मागे न वळता विचारले, "तुमची पाळी कधी मग?"

आम्ही सांगितले, रातपाळी.