इंत्रुजाची रात्र, राखेची सकाळ

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली, त्याने मराठी घरातला उपवास फार जवळून पाहिला असला पाहिजे. उपवास करावा, पण त्याआधी आणि जमल्यास त्यातही पोट सांभाळावे, ही आपली जुनी रीत. आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा करावी असे शास्त्र सांगते. पण दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार म्हणून आमच्या चिंचवडात मटणाच्या दुकानापुढे जी रांग लागते ती पाहिली, की या अमावास्येचा कोणता भाग लोकांनी मनापासून पाठ केला आहे हे उमगते. ‘गटारी’ हे नाव काही सभ्य नव्हे. पण त्यामागचा स्वभाव मनुष्यमात्राचा आहे. तो जातीधर्माच्या सीमा कशा ओलांडतो ते पाहावयाचे असेल, तर गोव्याचा इंत्रुज पाहावा.

आमच्याकडे माणसे चहूकडून आलेली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे कारखान्यांची ही रांग थेट चाकणपर्यंत पोहोचली. तिच्याबरोबर नाना प्रांतांचे सण आमच्या जिन्यात आले. शेजारचे गोवेकर ख्रिस्ती गृहस्थ चाकणला फोरमन आहेत. एरवी पाळी चुकवायची नाही असा त्यांचा बाणा. पण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्यांची चार दिवसांची रजा ठरलेली. “सर, वहिनींना आणि मुलांना घेऊन एकदा आमच्या चांदोरला याच,” असा त्यांचा आग्रह बरेच दिवस चालला होता. एका वर्षी आम्ही पुण्याहून गाडीत बसलो. मिरज, बेळगाव, लोंढा करीत गाडी दूधसागराजवळून घाट उतरते आणि सकाळच्या उजेडात एकदम नारळीच गावे लागतात, तेव्हा बिऱ्हाडासकट प्रवास केल्याचे सार्थक होते.

“दरवर्षी तारीख बदलते ती का हो?” हा आमच्या सौभाग्यवतींचा गाडीतला पहिला प्रश्न. उत्तर मौजेचे आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा ईस्टर. त्याच्या शेहेचाळीस दिवस आधी राखेचा बुधवार येतो आणि उपवासकाळ सुरू होतो. मधले सहा रविवार वगळले, की चाळीस दिवस भरतात. इंत्रुज म्हणजे या बुधवाराआधीचे शनिवार ते मंगळवार हे चार दिवस. आता पौर्णिमेपासून दीड महिना मागे मोजा. तुम्ही अमावास्येपाशी येता! म्हणूनच इंत्रुज बहुधा आपल्या महाशिवरात्रीच्या आसपास पडतो. २०२३ साली तर दोन्ही एकाच दिवशी, १८ फेब्रुवारीला सुरू झाले. दोन पंचांगांच्या हिशेबात कधी महिनाभराचा फरक पडतो, पण अमावास्येची सोबत सुटत नाही.

शनिवारी आम्ही पणजीची मिरवणूक पाहिली. अग्रभागी मोमो राजा. हा मूळचा ग्रीकांचा थट्टेचा देव. गोव्यात तो चार दिवसांचा राजा होतो आणि ‘खा, प्या, मजा करा’ असे फर्मान काढतो. मागे चित्ररथ, मुखवटे, बँड. मुले खूष झाली. ही मिरवणूक मात्र पोर्तुगीज अमदानीतली नव्हे. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि १९६५ साली पणजीत चित्ररथांची ही प्रथा सुरू झाली. आता ती मडगाव, वास्को, म्हापसा अशी फिरते. रथांवर जाहिराती असतात, रस्त्यावर पर्यटक असतात. गोव्यातील चर्चने या मिरवणुकीपासून आपण वेगळे आहोत असे वेळोवेळी सांगितले आहे. आमच्या शेजाऱ्यांनी एवढेच म्हटले, “सर, हा सरकारचा कार्निव्हल. आमचा इंत्रुज अजून पाहायचा आहे.”

भाषेच्या मास्तराला या दोन शब्दांनी थांबविले. ‘कार्निव्हल’च्या मुळाशी मांस दूर सारणे हा अर्थ आहे. ‘इंत्रुज’ हा पोर्तुगीज ‘एंत्रूदु’वरून आला आणि त्याच्या मागे प्रवेश या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. प्रवेश कशात? उपवासात. म्हणजे दोन्ही नावे मौजेची नसून मौजेनंतर येणाऱ्या दिवसाची आहेत.

रविवारी गावच्या मैदानात ‘खेळ’ पाहिला. सासष्टी तालुक्यातला हा जुना लोकप्रकार. मूळ पद्धतीत ना रंगमंच, ना पडदा. माणसे गोल करून उभी राहतात आणि मधल्या मातीत नाटक रंगते. पूर्वी बायकांची कामेही पुरुषच करीत. भाटकार, म्हणजे गावचा जमीनदार, हा या खेळांतला हुकमी बकरा. हल्ली त्याची जागा पुढारी घेतात. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्याला या चार दिवसांत तोंडावर हसता येते. पोरे पिठाच्या पुड्या एकमेकांवर फेकीत होती. आमचा धाकटा दहा मिनिटांत पांढरा झाला. आपल्या धुळवडीतला मुलगा तिथे सोडला असता, तर त्याला काही नवे वाटले नसते.

आणि मग आली सोमवारची रात्र. चांदोर म्हणजे जुने चंद्रपूर, कदंबांची एके काळची राजधानी. तिथे उघड्यावर दगडाचा एक नंदी आहे, मस्तक नसलेला. याच गावच्या कोट वाड्यात या रात्री मुसळखेळ होतो. धोतर, डोक्याला पागोटे, पायांत घुंगरू आणि हातात मुसळ अशा वेषात ख्रिस्ती पुरुष गोलाकार नाचत दारोदार जातात. घुमटाच्या तालावर मुसळे जमिनीवर आपटतात आणि पायांखालची माती हादरते. ही घराणी स्वतःला मूळची क्षत्रिय म्हणवितात. गाणी एका जुन्या विजयाची आहेत, आणि लोक तिचा संबंध विजयनगरच्या हरिहराशी जोडतात. शेजाऱ्यांच्या वृद्ध मातोश्री गळ्यात जपमाळ घालून दारात उभ्या होत्या. मी म्हटले, “आजी, ही मुसळे चर्चला कशी चालतात?” त्या हसून म्हणाल्या, “बाबा, देव बदलला म्हणून आजोबा बदलतात का?”

या वाक्याचे वजन कळायला इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि मधली थोडी वर्षे सोडली, तर ते १८१२ पर्यंत टिकले. १७३६ च्या हुकूमनाम्याने बाटलेल्या कुटुंबांना जुने आचार मना केले. दारातली तुळस गेली, पुरुषांनी धोतर नेसणेही गुन्हा ठरला. एवढा कडक पहारा. आणि तरी आज या एका रात्री तेच धोतर, तेच घुंगरू चांदोरच्या वाटेवर आहेत. इंत्रुज ही सवलतीची वेळ. सोंग म्हणून जे चालते ते पुरावा म्हणून कोणी पकडीत नाही. परक्या नावाच्या सणाच्या सांदीत या माणसांनी आपले गाव जपून ठेवले. चित्ररथांची मिरवणूक उद्या दुसऱ्या कोणत्याही शहरात नेता येईल. ही मुसळे दुसऱ्या मातीवर वाजणार नाहीत.

मंगळवारी घरात सोरपोतेल आणि सांनांची रेलचेल होती. उपवासकाळात लग्ने करीत नाहीत, म्हणून गावात लग्नाच्या पंगतीही उरकून घेण्याची घाई होती.

बुधवारी सकाळी सारे शांत. याला कोंकणीत ‘गोबराचो बुधवार’ म्हणतात. मराठी वाचकाने दचकू नये. कोंकणीत गोबर म्हणजे राख. गेल्या वर्षीच्या झावळांच्या रविवारी आशीर्वादिलेल्या झावळा जाळून ही राख करतात. चर्चमधून माणसे बाहेर पडत होती. काल रात्री हसून हसून वाकलेल्या त्याच कपाळांवर आता राखेची खूण होती, ‘तू माती आहेस आणि मातीतच मिळणार’ हे सांगणारी. मुसळ आपटणारा एक तरुण पायांतले घुंगरू काढून नीट पुसून फडक्यात बांधीत होता. त्याला विचारले, “आता पुन्हा केव्हा?” तो म्हणाला, “पुढच्या वर्षी. आधी चाळीस दिवस तरी पार पडू देत.”