उकिडवं न बसता

माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे जिथं आपल्याला फट दिसतसुद्धा नाही, तिथं केस आरामात शिरतो. ड्रॉवर आणि त्याच्या पट्टीच्या मधे, स्क्रूच्या डोक्याभोवती, रेक्झिनच्या शिवणीत. आणि सगळ्यात जास्त चाकात. पुढच्या वेळी सलूनमध्ये गेलात की एकदा आरशावरून नजर काढा आणि ट्रॉलीच्या चाकांकडं बघा. चाक आणि आख यांच्या मधे एक काळी, घट्ट, नमद्यासारखी गुंडाळी दिसेल. ट्रॉली वरून कितीही चकाचक असली तरी.

मला ही गुंडाळी लहानपणापासून माहीत आहे, कारण आमचं सलून मी फरशीच्या बाजूनं ओळखते.

आमचं दुकान वारंगा फाट्यावर आहे. नांदेडहून येणारा रस्ता इथं फुटतो. एक हिंगोलीकडं जातो, दुसरा यवतमाळ-नागपूरकडं. गाड्या खिचडी खायला थांबतात, ड्रायव्हर लोक तेवढ्यात दाढी करून घेतात, आजूबाजूच्या गावांतली पोरं कटिंगला येतात. दिवसा ती मुलीनं बसायची जागा नव्हती. पण सकाळी सातला, शटर अर्धं वर असताना, आई आणि मी झाडायला जायचो. आम्ही निघालो की बाबा सेना महाराजांच्या फोटोला हार घालायचे, अगरबत्ती लावायचे आणि मग गिऱ्हाईक सुरू. त्यामुळं खुर्चीवर बसल्यावर आरशात काय दिसतं हे मला फार उशिरा कळलं. खुर्चीच्या खाली काय असतं हे मात्र आधीपासून पाठ होतं.

आम्ही न्हावी. बारा बलुतेदारांपैकी एक. आजोबांकडं धोकटी होती. वस्तरा, कात्री, कंगवा, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, छोटा आरसा, सगळं एका चामड्याच्या पिशवीत. ते गावात घरोघर जायचे आणि सुगीला खळ्यावर बलुतं मिळायचं. गिऱ्हाईक पाटावर किंवा पोत्यावर बसायचं, आजोबा त्याच्यासमोर उकिडवे. केस मातीत पडायचे, वाऱ्यानं जायचे. आजोबांच्या कामात फर्निचरच नव्हतं, म्हणून ते साफ करायचा प्रश्नही नव्हता. पण दिवसभर उकिडवं बसायचं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या अंगणात.

बाबांनी १९९४ साली फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खुर्ची घेतली. लाकडी, मान टेकवायला वरखाली होणारी पट्टी असलेली. मला वाटतं, आमच्या घरातला सगळ्यात मोठा बदल त्या खुर्चीनं केला. गिऱ्हाईक उंचावर बसलं म्हणून न्हावी उभा राहिला. आणि गिऱ्हाईक आपल्या दारात आलं, पैसे रोख देऊ लागलं. बाबा अजूनही म्हणतात, "तुझ्या आज्याचं आयुष्य बसून गेलं, माझं उभं राहून."

पण हे अर्धंच खरं आहे. कापायला ते उभे राहिले, साफ करायला मात्र अजून उकिडवंच बसावं लागतं. रात्री दुकान बंद करताना एक माणूस जमिनीवर बसतो, ट्रॉली आडवी करतो आणि जुन्या ब्लेडनं चाकातले केस खरवडून काढतो. बाबा आता साठीला आले आहेत. उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्यात, गुडघे दुखतात. बसले की उठताना खुर्चीचा हात धरावा लागतो.

खुर्चीवर जगानं भरपूर डोकं खर्च केलेलं आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या अर्नेस्ट कोकेननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्हाव्यासाठी हायड्रॉलिक खुर्ची आणली. दांड्यानं गिऱ्हाईक वरखाली करता येऊ लागलं. तेव्हापासून खुर्ची मऊ होत गेली, मागं झुकायला लागली, तिला पाय ठेवायला जागा आली. गिऱ्हाइकाचं अंग जिथं जिथं टेकतं तिथं कुणीतरी विचार केलेला आहे.

ट्रॉलीचं तसं नाही. जगातली बहुधा सगळ्यात नावाजलेली चाकाची ट्रॉली म्हणजे इटलीच्या जो कोलंबोनं १९७०च्या सुमारास केलेली 'बॉबी'. एबीएस प्लास्टिकची, बाजूला फिरून उघडणारे ड्रॉवर, खाली चाकं. ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. मुळात ती नकाशे काढणाऱ्यांच्या सामानासाठी होती. पुढं ती सलूनमध्येही गेली. पेन्सिली ठेवायला ते खण फार सुंदर आहेत. पण पेन्सिलीचे केस गळत नाहीत.

स्वच्छतेचा प्रश्न आमच्या दुकानात नियम बनून आला तो २०२०मध्ये. मार्चमध्ये दुकान बंद झालं. महाराष्ट्रात सलून उघडायला २८ जूनपासून परवानगी मिळाली, तीही फक्त केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग यांना. दाढी बंद. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची आणि हत्यारं निर्जंतुक करायची, दर दोन तासांनी फरशी. मी तेव्हा नोकरीत नवी होते आणि घरूनच काम करत होते. बाबा ब्लीचचं पाणी फवारत होते आणि मी बघत होते की आमचं फर्निचर या नियमासाठी बनलेलंच नाही. रेक्झिन शिवणीपाशी तडकलं आणि पाणी आतल्या फोमनं पिऊन टाकलं. ट्रॉलीच्या क्रोमच्या दांड्यांवर महिन्याभरात गंजाचे ठिपके आले, कारण ब्लीचमधला क्लोरीन धातूला खातो. पुसायची इच्छा होती, माणूस होता, औषध होतं. पण वस्तू पुसून घ्यायला तयार नव्हती.

पुढं रस्ता चौपदरी झाला, दुकान मागं सरकलं आणि आम्ही पक्क्या गाळ्यात आलो. धाकट्या भावानं दुकान हातात घेतलं. त्यानं शहरातून पाच ड्रॉवरची पांढरी ट्रॉली आणि चाकाचं स्टूल आणलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: "ताई, गिऱ्हाईक आधी ट्रॉली बघतंय, मग रेट देतंय." ते खोटं नाही. फाट्यावर आता बरीच सलून आहेत.

ती ट्रॉली सहा महिने पांढरी राहिली. मग हळदीचा हंगाम आला. आमच्याकडं, वसमतकडं हळद भरपूर. उकडायची, वाळवायची, पॉलिश करायची. माणसं तिथून थेट दुकानात येतात आणि त्यांच्या अंगावरची पिवळी धूळ सगळीकडं बसते. ड्रॉवर पिवळे पडले. भावानं कपडे धुवायची पावडर कालवून घासली तर डाग लाल झाले! हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कलीत लाल होतं, कुंकू बनतं ते याच तत्त्वावर. त्यावर खरा उपाय ऊन. पण ट्रॉलीचे ड्रॉवर चॅनेलला स्क्रूनं बसवलेले. उन्हात ठेवायचे तर अख्खी ट्रॉली रस्त्यावर न्यावी लागणार. बाबा म्हणाले, "ही ट्रॉली न्हाई रे, पाव्हणी हाय. तिचीच सेवा करावी लागायली."

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडं नवीन काही बनवण्याआधी विचारतात, युजर कोण? सलूनच्या कॅटलॉगमध्ये युजर म्हणजे खुर्चीतलं गिऱ्हाईक, फार तर कात्री धरलेला हात. रात्री नऊला जमिनीवर बसलेला माणूस त्यात नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी वहीत एकच अट लिहिली: ही ट्रॉली उकिडवं न बसता साफ करता आली पाहिजे. बाकीचं सगळं त्या एका ओळीतून निघालं.

आधी चाक. केस चाकात जातात कसे? फरशीवरचा केस चाकाला चिकटून वर येतो, त्याचं एक टोक आखापाशी अडकतं आणि मग प्रत्येक फेऱ्याला तो गुंडाळला जातो. बाजारातल्या ट्रॉलीला बहुतेक दोन इंची चाकं असतात. अशा चाकाचा घेर जेमतेम १६ सेंटिमीटर. चार इंची चाकाचा ३२. म्हणजे तेवढंच अंतर चालायला मोठं चाक निम्मे फेरे घेतं आणि आखही फरशीपासून दुप्पट उंच राहतो. शिवाय आमच्याकडं शहाबादी फरशी आहे. तिच्या सांध्यांत छोटं चाक अडखळतं, मोठं ओलांडून जातं. दवाखान्यातल्या ट्रॉलींना अशी मोठी चाकं असतात, काहींना आखापाशी धागे अडवणारी चकतीही असते. नांदेडला तशी मिळाली.

तरी केस जाणारच. कमी जातील, पण जातील. म्हणून दुसरा प्रश्न: ते काढायचे कसे? चाकाचा आख म्हणजे नटबोल्ट. दोन पाने घेऊन रोज रात्री नट कोण उघडणार? इथं बाबा बोलले. "बैलगाडीला कुठं नट असतो? खीळ काढली की चाक हातात." फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं बोल्टच्या जागी गुळगुळीत दांडा बसवला, टोकाला भोक पाडलं आणि त्यात ट्रॅक्टरला वापरतात तशी स्प्रिंगची पिन घातली. पिन ओढा, दांडा सरकवा, चाक बाहेर. केसांची गुंडाळी बांगडीसारखी निघून येते. ब्लेड लागत नाही.

मग वरचा भाग. कोपरा आला की घाण आली. दोन पत्रे जिथं मिळतात तिथं बोट पोचत नाही, फडकं पोचत नाही. कोपरा नसलेला ट्रे कुठं मिळेल म्हणून मी बरीच शोधाशोध केली आणि उत्तर आईच्या स्वयंपाकघरात होतं. परात. स्टीलची परात एकाच पत्र्यातून दाबून काढलेली असते. जोड नाही, स्क्रू नाही, कड आतून गोल. कणीक मळून झाली की एका हातानं धुतली जाते. गोल सळईची तीन कडी केली आणि त्यांत तीन पराती नुसत्या ठेवल्या, वरची छोटी, खालची मोठी. काढा, नळाखाली धरा, उन्हात पालथ्या घाला. हळद स्टीलला धरत नाही.

सांगाड्याला चौकोनी पाइप घ्यायचा नाही असं मी सांगितलं. त्याची उघडी तोंडं पाणी आणि केस पितात आणि तो आतून गंजतो. गोल पाइप, टोकं वेल्डिंगनं बंद, जोड घासून गुळगुळीत. पराती काढल्यावर सांगाडा इतका हलका की बाबा तो उचलून खुर्चीच्या दोन हातांवर उलटा ठेवतात. चारही चाकं त्यांच्या छातीशी येतात. उभ्या उभ्या पिना ओढतात.

सगळं मिळून ४,२०० रुपये लागले. पांढऱ्या ट्रॉलीपेक्षा कमी.

भाऊ खूश नव्हता. "हे सलून हाय का खानावळ?" असं त्यानं तोंडावर विचारलं. त्याचा राग मला समजतो. आमच्या आधीच्या पिढ्यांना लोकांनी धोकटीवरून ओळखलं. त्याला शोरूमवरून ओळखलं जायचंय. पांढरे ड्रॉवर म्हणजे त्याच्यासाठी गावकीतून बाहेर पडल्याची पावती. त्याला परत परात देणं म्हणजे त्याला मागं ढकलणं वाटलं. मी त्याला पटवायला गेले नाही. एवढंच म्हटलं की महिनाभर दोन्ही ट्रॉली ठेव आणि रात्रीची सफाई तू कर, बाबांना करू देऊ नको.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. ट्रॉलीबद्दल काही बोलला नाही. विचारलं, "तो सांगाडा काळ्या रंगात पावडर कोटिंग करून मिळतो का? नांदेडला करतात म्हणे." काळा सांगाडा, त्यात चकाकणाऱ्या पराती. आता तो त्याचा फोटो स्टेटसला टाकतो. पांढरी ट्रॉली पण आहे अजून. तिच्या ड्रॉवरमध्ये तो बिलबुकं ठेवतो.

'दिसायला स्वच्छ' आणि 'करायला सोपं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे आपण बहुतेक वेळा पहिलीसाठी मोजतो. पांढरा रंग, लपवलेले स्क्रू, बंद खण: हे सगळं घाण नजरेआड करतं. परातीत केस पडला तर लगेच दिसतो. गिऱ्हाइकाला दिसतो, म्हणून भाऊ लगेच काढतो. आणि काढायला सोपं आहे म्हणून काढताना त्याची चिडचिड होत नाही. ज्या वस्तूला साफ करणाऱ्याचं शरीर माहीत असतं, त्याचे गुडघे, त्याच्या बोटांची जाडी, त्याचा रात्रीचा थकवा, ती वस्तू त्याला जमिनीवर बसवत नाही.

आतापर्यंत अशा चार ट्रॉली झाल्या. शेवटची आखाडा बाळापूरच्या एका ब्युटी पार्लरवाल्या ताईंनी मागवली. त्या एकट्या पार्लर चालवतात, कंबरेचा त्रास आहे म्हणून लांब दांड्याच्या ब्रशनं उभ्यानं झाडतात. त्यांनी ड्रॉइंग फोनवर मोठं करून नीट बघितलं, परातींचे माप विचारलं, चाकांचं विचारलं. मग म्हणाल्या, "सगळं चांगलंय ओ. पण झाडू कुठं अडकवायचा? माझा दाराआड पडलेला असतो, घ्यायला दरवेळी वाकावं लागतं."

झाडूची जागा कुठल्याही सलूनच्या कॅटलॉगमध्ये नसते. त्यांच्या ट्रॉलीला मागच्या बाजूनं, खांद्याच्या उंचीवर, एक हूक आहे.