कमान

नागपुरात मोमिनपुरा, इतवारी, गांधीबाग अशा गर्दीच्या भागांत आता बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षा दिसतात. २०१५ साली संसदेने मोटार वाहन कायद्यात सुधारणा करून या वाहनाला मान्यता दिली. नियमाप्रमाणे ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको आणि चालकाशिवाय चारच माणसे न्यायची.

गाडी लहान असली, तरी तिच्यावरचे ओझे लहान नसते. मागच्या बाकावर माणसे आणि बाकाखाली वजनदार बॅटऱ्या! हे ओझे मागच्या चाकांजवळच्या दोन कमानी पेलतात. पोलादाचे लांब-आखूड पाटे एकावर एक ठेवून कमान तयार करतात. तुम्ही उर्दूत तिला ‘कमानी’ म्हणता. फारसी भाषेत ‘कमान’ म्हणजे धनुष्य. ओझे आले की वाकायचे आणि ओझे उतरले की मूळ आकारात यायचे, हेच तिचे काम.

आमच्या मोहल्ल्यातील एक चाचा ई-रिक्षा चालवतात. पावसाळ्यानंतर त्यांची रिक्षा एका बाजूला झुकू लागली. एकदा एक गरोदर बाई मेयो रुग्णालयात निघाल्या होत्या. दोनच खड्डे लागले आणि त्या खाली उतरल्या. उरलेली वाट त्या पायीच गेल्या. चाचांनी पैसे घेतले नाहीत. पण ती गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार सोडवली. मग जॅकने गाडी उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे लावले. डाव्या कमानीचा मुख्य पाटा मधोमध तडकला होता.

“उस्ताद, वेल्डिंग करून द्या. एक दिवस गाडी उभी राहिली, तर त्या दिवसाची कमाई जाते,” चाचा म्हणाले.

“चाचा, या पोलादाला पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते उतरते. पाटा पुन्हा तिथेच तुटेल.”

“मग दोन पाटे जास्त घाला. गाडी मजबूत होईल.”

मिस्त्री हसले. “कमान वाकलीच नाही, तर धक्का कुठे जाईल? आधी गाडीच्या सांगाड्यात, मग माणसाच्या पाठीत!”

त्यांनी दोन्ही बाजूंच्या कमानी बदलल्या. एक नवी आणि एक थकलेली ठेवली असती, तर गाडी झुकलेलीच राहिली असती. झिजलेले रबरी बुश काढून नवे घातले. कमान दबली की थोडी लांब होते. म्हणून तिच्या एका टोकाला हलणारी कडी असते. ती गंजून घट्ट झाली होती. मिस्त्रींनी ती साफ करून मोकळी केली.

शेवटी त्यांनी दोन्ही शॉकअप बदलले. नुसती कमान धक्का झेलते, पण नंतर गाडी झुलत राहते. शॉकअपमधील तेल बारीक छिद्रांतून जाते. त्यामुळे झुलण्याची शक्ती उष्णतेत बदलते आणि गाडी लवकर स्थिर होते.

संध्याकाळी चार जण बसवून मिस्त्रींनी रिक्षा खड्ड्यांवरून नेली. मागचा भाग एकदा दबला, वर आला आणि शांत झाला. “आठ दिवसांनी या. बोल्ट पुन्हा आवळावे लागतील,” त्यांनी बजावले.

चाचांची एका दिवसाची कमाई गेली आणि वर खर्चही झाला. पण ते म्हणाले, “आता आजारी माणसाला बसा म्हणताना जीभ अडखळणार नाही.”

जो मुळीच वाकत नाही तो मजबूत, असे आपल्याला वाटते. कमान मात्र वेगळेच शिकवते. ती स्वतः वाकते, म्हणून तिच्या आधाराने बसलेल्या माणसाला धक्का कमी लागतो.