'निघालो' म्हणजे नेमके काय?

मराठी माणूस दूरध्वनीवर 'निघालो' म्हणतो, तेव्हा तो बहुधा घरातच चप्पल शोधत असतो. क्रियापद भूतकाळी आणि कृती मात्र अजून व्हायची! 'आलोच' हा या 'निघालो'चा सख्खा भाऊ. काळ आणि अर्थ यांची ही फारकत व्याकरणाच्या तासाला आम्ही कौतुकाने सांगत आलो आहोत. मात्र आमचा एक माजी विद्यार्थी विमानचालनाचे प्रशिक्षण घेऊ लागला आणि त्याच्याकडून धावपट्टीवरच्या भाषेविषयी ऐकता ऐकता आमच्या कौतुकाला थोडी सावधगिरी चिकटली.

विमानप्रवासात भय वाटते ते आकाशाचे. वस्तुतः विमानवाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात घडला तो जमिनीवर. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावरील लोस रोदेओस विमानतळावर केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने वाहतूक येथे वळवलेली होती. उभ्या विमानांनी टॅक्सीवे अडले होते, म्हणून विमानांना धावपट्टीवरूनच उलट चालत जावे लागत होते. त्यात धुके उतरले. डच सहवैमानिकाने नियंत्रकास इंग्रजीत जे सांगितले, त्याचा अर्थ 'उड्डाणासाठी सज्ज आहोत' असाही होत होता आणि 'उड्डाण सुरू केले आहे' असाही. त्याच्या इंग्रजीमागे डच वाक्यरचना उभी होती, असे काही अभ्यासकांना वाटते. नियंत्रकाने 'ओके' म्हटले आणि मग थांबण्यास सांगितले. नेमक्या त्याच क्षणी पॅन अॅमनेही आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळविले. दोन्ही संदेश एकाच वेळी निघाले आणि केएलएमच्या कक्षात पोहोचली ती मुख्यतः एक कर्कश शिट्टी. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसतानाही विमान धावत सुटले होते.

या घटनेनंतर भाषेवरच निर्बंध आले. 'टेक-ऑफ' हा शब्द केवळ उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. धावपट्टीवर जाण्याची, ती ओलांडण्याची किंवा तिच्या अलीकडे थांबण्याची सूचना वैमानिकाने आपल्या विमानाच्या संकेतनामासह शब्दशः परत उच्चारायची. नुसते 'रॉजर' चालत नाही. अनेकार्थता हे काव्याचे वैभव आहे, असे आम्ही वर्गात शिकवतो. येथे मात्र एका शब्दाला एकच अर्थ असावा, यासाठी माणसे झटतात, आणि तेही भाषेचेच वैभव म्हणावे लागेल.

पण शब्द बिनचूक उच्चारले म्हणजे सारे साधले, असेही नाही. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एका छोट्या सेस्ना विमानाच्या वैमानिकाने 'आर ५' मार्गाची सूचना बरोबर परत उच्चारली आणि विमान मात्र 'आर ६' मार्गावर नेले. तो मार्ग थेट धावपट्टीवर जात होता. तेथील खुणा व फलक सदोष होते, जमिनीवरचे रडार उपलब्ध नव्हते. ११८ जण दगावले. म्हणून ऐकलेली वाट डोळ्यांनी पडताळावी लागते. विद्यार्थी सांगतो की, विमान हलण्यापूर्वीच विमानतळाचा नकाशा अभ्यासायचा, गोंधळाच्या जागा हेरून ठेवायच्या, सूचना लिहून घ्यायची. चाके फिरू लागली की अवांतर गप्पा बंद. धावपट्टी जवळ आली की कागदांतली मान वर. टॅक्सीवे आणि धावपट्टी यांच्या सीमेवर चार पिवळ्या रेघा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघा आपल्या बाजूस असतील तर परवानगीवाचून पलीकडे जायचे नाही. जमिनीतले तांबडे दिवे पेटलेले असतील तर परवानगी मिळाली असे वाटूनही थांबायचे आणि विचारायचे. परवानगी असली तरी धावपट्टी ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहायचे.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले होते. धावपट्टीच्या अलीकडे थांबण्याच्या जागेपर्यंत जाण्याची सूचना त्याला मिळाली, आणि सोबत 'नंबर वन', म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला, असे शब्द. सूचना बरोबर परत उच्चारली गेली. तरी विमान धावपट्टीवर जाऊन उभे राहिले. तेथे जायची परवानगी आहे, अशीच कप्तानाची समजूत झाली होती. उतरणारे प्रवासी विमान त्यावर आदळले. त्यातील ३७९ जण बाहेर पडू शकले. छोट्या विमानातील सहांपैकी पाच जण गेले. आतुर मनाला 'पहिला' हा शब्द 'जा' असा ऐकू येऊ शकतो.

आम्हांस सर्वाधिक अस्वस्थ करतो तो तेनेरिफेच्या वैमानिक-कक्षातला एक प्रश्न. विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते की, ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का? ज्येष्ठ कप्तानाने ठामपणे, झाले आहे, असे उत्तर दिले आणि प्रश्न तेथेच संपला. आपल्या वर्गांतही 'समजले का?' असे विचारताच एकसुरात 'हो सर' उमटते. तो होकार अर्थाला असतो की वडीलकीला, हे कोण ओळखणार? या अपघातानंतर कनिष्ठाने शंका बोलून दाखवणे आणि ज्येष्ठाने ती ऐकून थांबणे हा वैमानिकांच्या शिक्षणाचाच भाग झाला.

आमच्या विद्यार्थ्याला एक वाक्य पाठ करावे लागले आहे. अर्थ एवढाच की, मला खात्री नाही, मी थांबलो आहे, पुन्हा सांगा. विमानतळावर ते उच्चारण्यात कमीपणा नाही. आमच्या वर्गात हे वाक्य ज्या दिवशी निःसंकोचपणे ऐकू येईल, त्या दिवशी भाषाशिक्षण थोडेतरी साधले असे आम्ही समजू.