अवतार व्हावयाचे म्हणजे

मराठी घरात 'अवतार' हा शब्द दोन प्रसंगी हमखास कानी पडतो. एक पुराण चालले असता, आणि दुसरा पोर चिखलाने माखून दारात उभे राहिले म्हणजे. "काय हा अवतार!" असे म्हणणाऱ्या आईच्या मनात मत्स्य, कूर्म, वराह यांपैकी कोणीही नसते. या शब्दाचा एक तिसरा अर्थ अमेरिकेत रूढ झाला आहे, आणि तो मला माझ्या पुतणीच्या संगणकावर भेटला.

टेक्सासमध्ये वाढलेल्या रिचर्ड गॅरियट या तरुणाने १९८१ पासून 'अल्टिमा' नावाचे खेळ रचण्यास आरंभ केला. खेळणाऱ्याने एका काल्पनिक राज्यातील वीराची भूमिका घ्यावयाची, शस्त्रे व सामर्थ्य मिळवीत हिंडावयाचे आणि अखेरीस एका महादुष्टाचा नाश करावयाचा. पहिल्या भागात मोंडेन नावाचा मांत्रिक, १९८२ च्या दुसऱ्यात त्याची शिष्या मिनॅक्स आणि १९८३ च्या तिसऱ्यात त्या दोघांचे अपत्य एक्झोडस. मार्ग कोणता, हे विचारण्याचे कारण नसे. पहिल्या भागात तर बंदिवान राजकन्येच्या सुटकेसाठी राजवाड्यातल्या गरीब विदूषकाला मारून त्याच्याजवळची किल्ली घ्यावी लागे. शेवट गोड झाला की वीर तो वीरच!

१९८५ साली चौथा भाग आला आणि त्यात मारावयास महादुष्टच नव्हता. वाटेत राक्षस होते, लढायाही होत्या; परंतु साध्य निराळे. खेळणाऱ्याने सत्यनिष्ठा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हावयाचे. ठिकठिकाणी देवळे, प्रत्येकाचा निराळा मंत्र, आणि अध्यात्माच्या देवळातला मंत्र चक्क 'ॐ'! आमच्याकडे अवतार वरून खाली येतो. अवतरणे म्हणजे उतरणेच. येथे साध्या माणसाला खालून वर चढावयाचे होते. शब्द आमचा, दिशा मात्र उलटी. तथापि या उलट्या दिशेची मला चीड न येता कौतुकच वाटले.

या खेळात वनस्पती विकणाऱ्या आंधळ्या बायका आहेत. त्या किंमत सांगतात आणि आपण किती नाणी दिली ते आपणच सांगावयाचे. माझी पुतणी येथे थबकली.

"काका, हिला दिसत नाही. कमी दिले तर हिला कळेल कसे?"

मी काहीच बोललो नाही. तिने कमी दिले. बाईने निमूटपणे माल दिला. पोरीला कोण आनंद झाला! पुढे कितीतरी वेळाने राजाच्या किल्ल्यातील द्रष्ट्याकडे ती आपली प्रगती विचारावयास गेली, तेव्हा सत्यनिष्ठेत आपण फार मागे आहो असे तिला कळले.

"मग तेव्हाच का नाही सांगितले?" ती रागाने म्हणाली.

त्या रागात या खेळाचे सारे मर्म आहे असे मला वाटते. संगणक प्रत्येक कृत्याचा हिशेब ठेवतो. पण ती वही तो आपणास दाखवीत नाही. चित्रगुप्ताचीही रीत हीच नव्हे काय?

दुसऱ्या दिवसापासून पुतणी पै न पै मोजून देऊ लागली. भिकारी दिसला की त्याला नाणे देई आणि लगेच विचारी, "आता करुणा पुरी झाली असेल ना?" हे मला खटकले. पुरी व्हावयाला करुणा म्हणजे काय पाण्याची घागर आहे? पण मग माझी आजी आठवली. महादेवाला लक्ष बेलपत्रे वाहताना ती दर शंभरास एक चिंचोका बाजूला ठेवी. तिची भक्ती खोटी होती असे म्हणण्याची माझी छाती नाही. निष्काम कर्माची महती मी जाणतो. परंतु हाताला वळण लागते ते बहुधा मोजूनच, आणि मन हाताच्या मागून येते.

मोजण्याचा गर्व होऊ नये, याची तरतूदही गॅरियटने केली आहे. सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांच्या निरनिराळ्या मिश्रणांतून त्याचे सात गुण होतात. आठवी नम्रता मात्र कशाचेच मिश्रण नाही. जेथे काही मिळवले असे म्हणावयास जागा उरत नाही, तेथे ती! शिवाय मिळवलेला गुण कायमचा पदरी पडत नाही. एक दुष्कृत्य घडले की तो हातचा जातो आणि पुन्हा मेहनत करून मिळवावा लागतो. पुण्य म्हणजे ठेवीची पावती नव्हे, हे आमच्या कीर्तनकारांनाही इतक्या थोडक्यात सांगता आले नसते.

आठही गुण साधल्यावर खेळणारा एका घोर विवरात उतरतो आणि तळाशी ज्ञानाचा एक ग्रंथ पाहतो. सिंहासन नाही, राजकन्या नाही. हा शोध जन्मभर चालावयाचा, असे सांगून त्याला त्याच्या स्वतःच्या जगात परत पाठवले जाते. तलवारीच्या तीन खेळांनंतर इतके फिके बक्षीस देण्यास धाडस लागले असेल. कारण परतून येणाऱ्याला त्याच्या जगात भेटणार कोण? भाजीवाली, शेजारी, म्हातारे आईबाप. आणि त्यांच्याशी तो कसा वागतो, हे सांगणारा द्रष्टा येथे कोणत्याच किल्ल्यात बसलेला नाही.