दुसऱ्या तपासणीचा खाडा कोण भरणार?

दिवाळी झाली होती. पाथरीतून ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या होत्या. त्या गडबडीत वस्तीतल्या एक ताई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. आशाताईंनी केलेल्या लघवीच्या तपासणीत दोन रेघा आल्या होत्या. पण पोटात एका बाजूला दुखत होते, थोडे लालही जात होते. म्हणून डॉक्टरांनी बीटा एचसीजी तपासायला सांगितले. आम्ही आकडा पाहिला आणि म्हणालो, "चांगलंय की, दिवस गेलेत." समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आम्हाला तेवढेच कळले.

चिठ्ठीवर मात्र लिहिले होते : ४८ तासांनी पुन्हा तपासणी.

"ताई, उचल घेतलीया. परवा गाडी सुटणार. एकदा पैसे भरलेत, परत कशाला?"

उत्तर आमच्याकडेही नव्हते. डॉक्टरांना विचारले तेव्हा समजले की एका आकड्यावरून फारसे ठरत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत हे संप्रेरक साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होते. ते हळू वाढले किंवा घटले, तर गर्भ पडत असेल किंवा नळीत राहिला असेल. नळी फुटली तर जीव जातो. दुखणे वाढले तर ४८ तासही थांबायचे नाही.

ताई थांबल्या. दुसरा आकडा जेमतेम वाढला होता. परभणीला सोनोग्राफी झाली, गर्भ नळीत होता. वेळेत उपचार झाले, ताई वाचल्या. मुकादमाने मात्र त्या दिवसांचा खाडा लावला.

बाया दुखणे अंगावर काढतात, त्याला आपण 'अज्ञान' म्हणून मोकळे होतो. इथे अज्ञान आमचे होते. ताईंकडे दोन दिवस नव्हते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया गाजल्या, तेव्हाही खाड्याची भीती पुढे आलीच होती.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे. त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, मालकानेही जबाबदारी टाळू नये. १९२९ च्या कायद्याने ते कारखान्यातल्या कामगार स्त्रीला मिळाले. कारखान्याला ऊस पुरवणारी बाई आजही त्याबाहेर आहे.

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीइतक्याच हिरीरीने दोन गोष्टी करूया. गाडी सुटण्याआधी वस्तीतल्या गरोदर बायांची सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यायची. आणि मुकादमाला, कारखान्याला ठणकावून सांगायचे : गरोदरपणातल्या तपासणीला खाडा नाही.

जयभीम!